'बेंगॉल' : एका सुरुंगनाशक नौकेची हकिकत

कोल्हापूरपासून समुद्र फारसा दूर नाही. आंबा घाट उतरून गेले की काही तासांत रत्नागिरीचा किनारा लागतो. तरीही पंचगंगेच्या काठी वाढलेल्या मुलाला पाणी म्हटले की नदी आठवते, नाहीतर रंकाळा. समुद्राचे चित्र डोळ्यांपुढे आणलेच, तर तो त्याला एक अफाट मोकळे मैदान वाटतो. घाटात रस्ता अरुंद असतो, वळणे असतात, दरडी कोसळतात. समुद्रात मात्र वाटेल तिकडे जावे, आडवे यायला आहे कोण, असे वाटणे स्वाभाविक आहे. शांततेच्या काळी ते बरेचसे खरेही असते. परंतु युद्ध सुरू झाले म्हणजे समुद्राचे स्वरूप पालटते. वरून निळेशार दिसणाऱ्या पाण्याखाली मृत्यू दबा धरून बसतो आणि बंदरात शिरण्याची वाट घाटरस्त्याहूनही अरुंद होते.

याचा अनुभव मुंबईला पहिल्या महायुद्धात आला. १९१७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात 'वोल्फ' नावाचे एक जर्मन जहाज, साध्या मालवाहू जहाजाचे सोंग घेऊन, मुंबईनजीकच्या समुद्रात आले आणि गुपचूप पाणसुरुंग पेरून निघून गेले. चार महिने लोटले. २३ जून रोजी 'मंगोलिया' ही उतारूंची मोठी आगबोट मुंबईस येत होती. बंदर आता जवळ आले, असे उतारू म्हणत असतील, तोच तिच्या तळाशी स्फोट झाला आणि ती बुडाली. काही जणांना प्राण गमवावे लागले. सुरुंग पेरणारे जहाज तोवर हजारो मैल दूर पोहोचले होते. पाणसुरुंगाचे हेच वैशिष्ट्य आहे. तोफ डागणारा समोर दिसतो, तलवार उपसणारा तर हातभर अंतरावर असतो. पाणसुरुंग मात्र मालक निघून गेल्यावरही महिनोन्महिने आपले काम करीत राहतो. त्याला शत्रू आणि मित्र ओळखता येत नाहीत, आणि युद्ध संपल्याचेही त्याला कळत नाही.

हा सुरुंग असतो तरी कसा? जुन्या पद्धतीचा पाणसुरुंग म्हणजे लोखंडाचा एक मोठा पोकळ गोळा. त्याच्या पोटात स्फोटक दारू आणि थोडी हवा असते. हवेमुळे तो वर तरंगू पाहतो. पण तळाशी टाकलेल्या जड वजनाला तो तारेने बांधलेला असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हातांवर अडकून राहतो. दावणीला बांधलेले जनावर जसे दाव्याच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही, तसाच हा. गोळ्याच्या अंगावर शिंगांसारखे उंचवटे असतात. प्रत्येक शिंगात काचेची एक नळी असून तीत रासायनिक द्रव भरलेला असतो. जहाजाचा धक्का लागून शिंग वाकले की काच फुटते, द्रव खाली उतरून वीज निर्माण होते, आणि त्या विजेने दारू पेटते.

असे सुरुंग काढून टाकणाऱ्या नौकेस इंग्रजीवरून 'माइनस्वीपर' म्हणतात, म्हणजे सुरुंग झाडून काढणारी. आपण तिला सुरुंगनाशक नौका म्हणू. तिची रीत पाहिली तर कोकणच्या किनाऱ्यावरील रापणीची आठवण होते. नौकेच्या मागून शेकडो हात लांबीची पोलादी तार सोडतात. तारेचे पुढचे टोक नौकेपासून दूर बाजूला ओढले जावे म्हणून त्याला खास आकाराच्या फळ्यांचा सांगाडा जोडतात. पतंग जसा वाऱ्याने एका बाजूला खेचला जातो, तसा तो पाण्याच्या रेट्याने बाहेर खेचला जातो. वर तरंगणारा एक पोकळ पिंप त्याला ठरलेल्या खोलीवर धरून ठेवतो. ही तार पाण्याखालून सरकत जाते आणि सुरुंगाचे दावे तिच्या तडाख्यात सापडते. तारेवर जागोजागी धारदार कात्र्या बसवलेल्या असतात. त्यांनी दावे तुटले की सुरुंग उसळून वर येतो आणि मग त्यावर दुरून बंदुका झाडून तो निकामी करतात.

सुरुंगनाशक नौका एकापाठोपाठ एक, तिरप्या रांगेत चालतात. मागची प्रत्येक नौका पुढच्या नौकेने झाडलेल्या पट्ट्यातून जाते, म्हणून ती पुष्कळशी सुरक्षित असते. झाडलेल्या पट्ट्याच्या कडेला निशाणे लावलेले तरंगते खुंट सोडीत जावे लागते. नाहीतर कोठले पाणी साफ झाले आणि कोठले राहिले हे कसे कळावे? परंतु सर्वांत पुढची नौका मात्र न झाडलेल्या पाण्यातच चालत असते. तिच्यासाठी वाट करून देणारे कोणी नसते.

दुसऱ्या महायुद्धात हे काम आणखी अवघड झाले. १९३९ साली जर्मनांनी चुंबकी सुरुंग वापरात आणला. तो तळाशी पडून राहतो. त्याला दावे नाही, की शिंगेही नाहीत. पोलादी जहाज वरून जाऊ लागले की त्याच्या चुंबकत्वाने आतील यंत्र जागे होते आणि स्फोट होतो. त्याच्यापुढे कात्रीची तार निरुपयोगी. त्यासाठी नौकांच्या मागे विजेच्या तरंगत्या तारा ओढीत नेऊन, त्यांतून विजेचे झोत सोडून, जहाज आल्याचा खोटाच भास सुरुंगाला करून द्यावा लागे. पुढे जहाजाच्या आवाजाने फुटणारे सुरुंगही निघाले. कुलूप करणारा आणि किल्ली करणारा यांच्यातील ही चढाओढ युद्ध संपेपर्यंत चालली होती.

युद्ध सुरू झाले तेव्हा 'रॉयल इंडियन नेव्ही' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदी आरमारापाशी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच लढाऊ नौका होत्या. किनारा मात्र कराचीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला. सैन्य, धान्य, कोळसा, तेल, सारे समुद्रमार्गे येणारे. युद्धामुळे देशोधडीला लागलेली हजारो पोलिश माणसे इराणातून हिंदुस्थानात आली, तीही समुद्रमार्गेच. त्यांतील सुमारे पाच हजार जणांची छावणी १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या गावाचाही समुद्रावरच्या वाटांशी संबंध येतोच.

अशा नौका बांधण्याची सोय हिंदुस्थानात पुरेशी नव्हती. म्हणून त्या ब्रिटनकडून आणि ऑस्ट्रेलियाकडूनही घेण्यात आल्या. ऑस्ट्रेलियात 'बाथर्स्ट' नावाच्या एकाच नमुन्याच्या साठ सुरुंगनाशक नौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी चार हिंदी आरमारासाठी होत्या आणि त्यांना येथील प्रांतांची नावे दिली होती : 'बॉम्बे', 'बेंगॉल', 'मद्रास' व 'पंजाब'. थोरली बहीण 'बॉम्बे' हिला तर कामावर रुजू होताच युद्ध पाहावे लागले. १९४२ च्या ३१ मे रोजी रात्री जपानच्या तीन चिमुकल्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या, तेव्हा 'बॉम्बे' त्याच बंदरात होती.

'बेंगॉल' सिडनीच्या कोकाटू गोदीत बांधली गेली आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये आरमारात दाखल झाली. लांबी १८६ फूट, म्हणजे खो-खोची दोन मैदाने लांबीने एकापुढे एक ठेवावीत एवढी. वेग ताशी फार तर पंधरा सागरी मैल. या नमुन्याच्या नौकांवर चार इंची तोफ बसवावयाची असे. परंतु युद्धाच्या टंचाईत 'बेंगॉल'च्या वाट्याला आली ती लहान, बारा पौंडी तोफ. हिचा गोळा साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे कोल्हापूरच्या बाजारातील गुळाच्या मोठ्या रव्यापुढे अगदीच हलका. याखेरीज विमानांवर मारा करण्यासाठी तीन छोट्या तोफा होत्या. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्सन. खलाशी हिंदी होते. आरमारातील खलाशांची भरती पूर्वीपासून रत्नागिरीच्या बाजूस, विशेषतः तेथील कोकणी मुसलमान घराण्यांतून होत आलेली होती. युद्धकाळात ती पंजाबपासून मद्रासपर्यंत सर्वत्र होऊ लागली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'बेंगॉल' ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून निघाली. तिच्या सोबत 'ओंदिना' हे डच तेलवाहू जहाज होते. ('ओंदिना' हे एका समुद्री शंखाचे नाव. त्या तेलकंपनीला आपल्या जहाजांस शंखशिंपल्यांची नावे देण्याची हौस होती.) दोघांना हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या बेटास जायचे होते. सुरुंग झाडण्यासाठी बांधलेल्या नौकेवर रखवालदारीचे काम सोपवणे चमत्कारिक वाटेल. पण रखवालदार थोडे आणि राखण्याची जहाजे फार, अशी त्या वेळची स्थिती होती.

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, भर समुद्रात, दुपारच्या सुमारास क्षितिजावर एक अनोळखी जहाज दिसले. त्याच्या पाठोपाठ दुसरे. ती 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' ही जपानी छापेमार जहाजे होती. मुळात उतारू व माल नेण्यासाठी बांधलेली ही प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी जहाजे जपानने तोफा, टॉर्पेडो आणि विमाने चढवून सज्ज केली होती. याच वर्षी त्यांनी 'जेनोटा' हे डच तेलवाहू आणि 'हाउराकी' हे न्यूझीलंडचे जहाज जिवंत पकडून नेले होते. त्यांचा वेग ताशी वीस सागरी मैलांच्या पुढे, आणि त्यांच्या मोठ्या तोफेचा एकेक गोळा सुमारे अडतीस किलोंचा.

विल्सन यांच्यापुढे प्रश्न होता. पळून जाणे शक्य नव्हते, कारण शत्रू दोघांहूनही वेगवान होता. ओंदिनाला तर ताशी बारा सागरी मैलांच्या वर जाता येत नव्हते. तेव्हा त्यांनी ओंदिनाला दूर निघून जाण्याचा इशारा दिला, पुन्हा भेटण्याचे ठिकाण ठरवून दिले, आणि आपल्या नौकेचे तोंड सरळ शत्रूकडे वळवले. शत्रूने आपल्यावर तोफा डागीत राहावे आणि तेवढ्या वेळात तेलवाहू जहाजाने अंतर कापावे, असा हा हिशेब होता. या हिशेबात बेंगॉल वाचण्याची शक्यता फारशी धरलेली नव्हती, हे उघड आहे. तिची छोटी तोफ दुरून परिणाम करणार नाही हे ओळखून विल्सन यांनी अंतर सुमारे साडेतीन हजार यार्डांवर आल्यावर मारा सुरू केला.

परंतु ओंदिना गेली नाही. तिचे कप्तान विलेम होर्समन यांनी विचार केला की, या वेगाने पळून आपण काही सुटत नाही. आपल्या पिछाडीवर एक चार इंची तोफ आहे, ती मग कशासाठी? त्या तोफेसाठी गोळे अवघे बत्तीस होते. तोफेवर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि डच अशी मिश्र मंडळी होती, तर खाली इंजिनाजवळ चिनी कामगार राबत होते. ओंदिनानेही मारा सुरू केला.

थोड्याच वेळात एक विलक्षण गोष्ट घडली. एक गोळा होकोकू मारूच्या नेमका टॉर्पेडो ठेवलेल्या जागी लागला. प्रचंड स्फोट झाला, आग पसरली, आणि काही वेळाने दुसरा स्फोट होऊन ते अवाढव्य जहाज बुडाले. कप्तान इमाझातो यांच्यासह ७६ जपानी माणसे मरण पावली.

हा गोळा कोणाचा? युद्धकाळात प्रसिद्ध झालेल्या हकिकतींत बेंगॉलचा मोठा गौरव झाला. पुढे डच लेखकांनी दाखवून दिले की, ओंदिनाची तोफ अधिक मोठी होती आणि तो तडाखा तिचाच असावा. आज बरेच अभ्यासक हेच मत ग्राह्य धरतात. हिंदी वाचकाला याचे थोडे वाईट वाटेल, पण वाटण्याचे कारण नाही. दोघींनी एकाच लक्ष्यावर मारा केला. बेंगॉल पुढे घुसली नसती तर पहिल्या काही मिनिटांतील गोळे कोणावर पडले असते, हे सांगायला हवे असे नाही.

दुसरे जपानी जहाज अद्याप शाबूत होते. बेंगॉललाही मार बसला होता, आणि तिच्या तोफेचे गोळे जवळजवळ संपले होते. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडला आणि माघार घेतली. जाताना त्यांना ओंदिना दिसली ती तोफांच्या माऱ्यात सापडलेली. ती आता वाचत नाही, असे त्यांना वाटले. तिकडे ओंदिनावरील काहींची समजूत झाली की, रखवालदार आपल्याला टाकून गेला. दोन्ही समजुती चुकीच्या, पण त्या धुरात आणि गदारोळात दोन्ही स्वाभाविक होत्या. रिकाम्या तोफेनिशी तेथे थांबून बेंगॉलने ओंदिनाचे काय भले केले असते? नौका आणि माणसे मात्र हकनाक गेली असती. थांबण्यापेक्षा निघण्याचा निर्णय कधीकधी अधिक जड असतो, आणि तो घेणाऱ्यास लोक नेहमीच समजून घेतात असे नाही.

ओंदिनाचेही गोळे संपले. होर्समन यांनी जहाज सोडण्याची आज्ञा दिली, आणि त्यानंतर तोफेच्या माऱ्यातच ते ठार झाले. माणसे होड्यांत उतरली. आइकोकू मारूने जवळ येऊन दोन टॉर्पेडो सोडले; जहाजाच्या कुशीला मोठी भगदाडे पडली. एवढ्यावर न थांबता होड्यांतील निःशस्त्र माणसांवर गोळीबार करण्यात आला आणि आणखी चौघांचे प्राण गेले. मुख्य इंजिनियर आणि काही चिनी कामगार त्यांत होते. समुद्रावरचा जुना धर्म असा की, बुडत्याला, मग तो शत्रू का असेना, हात द्यावा. तो त्या दिवशी पाळला गेला नाही. मग जपानी जहाज आपल्या बुडालेल्या सोबत्याची माणसे पाण्यातून काढण्यास गेले. परत येऊन त्याने आणखी एक टॉर्पेडो सोडला. तो हुकला. हे जहाज आता बुडतेच आहे, अशा समजुतीने ते निघून गेले.

पण ओंदिना बुडली नाही. तिच्या तेलाच्या टाक्या रिकाम्या होत्या आणि त्या हवेनेच तिला तरंगत ठेवले. होड्यांतली भेदरलेली माणसे पुन्हा त्या कललेल्या, जळत्या जहाजावर चढावयास तयार होईनात. पहिले अधिकारी रेह्विंकेल यांनी त्यांची समजूत घातली. आग विझवली, इंजिन सुरू केले, आणि जहाजाचे तोंड पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे फिरवले. वाटेत त्यांनी बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. परंतु गुप्त संकेतांची पुस्तके शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आधीच समुद्रात फेकलेली होती. त्यामुळे संदेश रीतसर संकेतात नव्हता आणि तो शत्रूचा कावा असावा असे समजून त्याला उत्तरच मिळाले नाही.

१७ नोव्हेंबरला बेंगॉल दिएगो गार्सियास पोहोचली. तिच्यावरील एकही माणूस दगावला नव्हता. ओंदिना बुडाली असावी, असा तिने अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबरला, ओंदिना फ्रीमँटल बंदरात शिरली.

बेंगॉल तेथून कोलंबोमार्गे मुंबईस आली. विल्सन यांना आणि नौकेवरील इतर काहींना शौर्याची पदके मिळाली. एवढे झाल्यावर तिची गोष्ट संपली, असे पुष्कळ लेखक समजतात. कारण पुढे लढाई नाही. वस्तुतः तिचे खरे आयुष्य अजून पुढेच होते. सुरुंगनाशक नौकांचे रोजचे काम म्हणजे बंदराबाहेरील तोच पट्टा झाडणे, आणि उद्या पुन्हा तोच झाडणे. आज काही सापडले नाही म्हणून उद्या सुट्टी घेता येत नाही, कारण रात्रीतून कोणी येऊन पेरून गेला नसेल कशावरून? व्यापारी जहाजांची सोबत करणे हेही चालूच. युद्धाच्या अखेरीस हिंदी आरमाराच्या सुरुंगनाशक नौकांनी रंगूनच्या वाटा आणि मलाक्काची सामुद्रधुनी साफ करण्याच्या कामातही भाग घेतला. युद्ध थांबले तेव्हा इतर नौकांना विसावा मिळाला; यांना नाही. पेरलेले काढायचे बाकीच होते.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तशी आरमाराचीही वाटणी झाली. सोळा सुरुंगनाशक नौकांपैकी बारा भारताकडे राहिल्या आणि चार पाकिस्तानला गेल्या. 'बेंगॉल', 'बॉम्बे' आणि 'मद्रास' या तिघी बहिणी भारताच्या वाट्याला आल्या. 'कोकण' नावाची नौकाही त्यांत होती. तिचा जन्म मात्र स्कॉटलंडातला. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा या सर्वांच्या नावांमागील ब्रिटिश राजाचे बिरुद गळून पडले.

त्या दुपारी समोरासमोर आलेल्या चार जहाजांपैकी होकोकू मारू तेथेच तळाला गेले होते. आइकोकू मारू फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रशांत महासागरातील ट्रुक येथे अमेरिकन विमानांनी बुडवले. ओंदिना दुरुस्त होऊन पुन्हा तेल वाहू लागली आणि १९५९ साली मोडीत निघाली. बेंगॉल १९६० पर्यंत टिकली. त्या वर्षी तिचे निशाण उतरवण्यात आले आणि तीही मोडीत निघाली.